लॉजचं नाव यादीत दोनदा

मंगळवार, ३ फेब्रुवारी २००९

पुन्हा तेच! पान उघडत नाही — कनेक्शन तुटलं म्हणे. राधेश्यामच्या लॉजच्या व्हरांड्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन पाऊण तास बसले. फुकट वायफायची पाटी मात्र हातभर!

शेवटी सत्यशीलाची मेल दिसली. चार ओळी. प्लॅस्टर निघालं, शिवणकाम मिळालं. माझी लेक कुठे आहे ते या वहीतही लिहिणार नाही. "सापडली तर दुसरा हात बी मोडतो" — माझ्याच दारात उभं राहून सांगून गेलाय मच्छिंद्र. जावई!

फोन नको, हे मीच ठरवलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली. लोकांची काय काय बोलणी ऐकली आम्ही! मेलच्या मधे कुणी ऑपरेटर बसत नाही.

गुरुवार, ५

आज पडद्यावर लाल इशारा. या संकेतस्थळाचं प्रमाणपत्र खात्रीचं नाही, तुमची माहिती कुणी मधेच अडवत असेल. स्वच्छ इंग्रजी — शाळेतल्या सिस्टर अ‍ॅग्नेसनेही चूक काढली नसती. राधेश्यामला अर्थ सांगितला.

"बाई, तुम्ही लई वाचता. आमचं गिऱ्हाईक वाचतच न्हाई. पुढे चला दाबा, बिलकुल काय होत न्हाई."

"कागद न वाचता सही करतोस का रे?"

"कागद वेगळा, बाई!"

वायफायच्या यादीत लॉजचं नावही दोनदा. "दोन्ही आपलेच असतील. सिग्नलच्या जास्त कांड्यावालं धरा, जल्दी चालतं."

अडून बसले. पण पोरीचं पत्र आलं असेल तर? दाबलं. पासवर्ड टाकला. मीच!

शुक्रवार, ६

मच्छिंद्रचा थोरला भाऊ, सर्जेराव, लॉजवर उतरलाय. तीन दिवस झाले म्हणे. कोपऱ्यात लॅपटॉप उघडून.

"राम राम मावशी! मेल करून राह्यल्या का?"

"शेतात इंटरनेट पिकत नाही वाटतं, इथे मुक्काम ठोकलात तो?"

त्याने लगेच लॅपटॉपचा पडदा मिटला.

मेल न उघडताच घरी आले.

रविवार, ८

सर्जेराव काल खोली सोडून गेला. आज यादीत लॉजचं नाव एकदाच.

राधेश्यामला विचारलं, वायफायचे डबे किती बसवलेस?

"एकच की, बाई. दुसऱ्याचा खर्चा कोण करतंय?"

म्हणजे दुसरं नाव सर्जेरावच्या लॅपटॉपचं, आणि माझा पासवर्ड त्याच्याकडे! ताबडतोब पासवर्ड बदलायला बसले — पान उघडेचना. दिवसभर नाही.

सोमवार, ९

पासवर्ड चूक. तीनदा. माझंच खातं, आणि मलाच दार बंद! राधेश्याम म्हणतो, "विसरला असाल, बाई, वय झालं." त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सत्यशीलाला सावध करायचं कशाने? तिच्याकडे मोबाइल नाही. घेऊ नको, असं मीच सांगितलं होतं.

मंगळवार, १०, सकाळी साडेनऊ

शेजारच्या गोजरबाई धावत आल्या. "बाई, सत्यशीलाचा फोन आल्ता माझ्याकडं, बूथवरून. लई खुशीत होती. म्हनली, आईची मेल भेटली, जालन्याला येत न्हाई, केदारखेड्याच्या फाट्यावर दहाला उतरते. आईला म्हनावं, लिहिलंय तसं तिथंच ये."

फाट्याला लागून मच्छिंद्रचं शेत आहे. गोजरबाई जीप बघायला गेल्यात.

मी तिला काहीही लिहिलेलं नाही.