शर्लीच्या तीन ओळी आणि ड्रमाकरचा दगड

चौथा खांब जमिनीत शिरत नव्हता. मी हातोडा ठेवून पहार घेतली. कुंपणापलीकडे मि. मॅककस्कर छत्री धरून उभे होते. ते गावच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष आहेत.

"हिलेल, दगडाला कुंपण कशाला? तो काय पळून जाणार आहे?"

"जागा माझी आहे," मी म्हणालो.

"शनिवारी हेरिटेज सेंटरचं उद्घाटन आहे. लोकांनी दगड लांबून वाचायचा का?"

"जवळून तरी कुणाला वाचता येतोय?"

ते गेले. मी खांब बसवला, तारा ताणल्या, हात धुतले आणि हे लिहायला घेतले.

लिहून ठेवणार मी, हिलेल एफ्राईम पेझारकर, वय एकोणसत्तर, इंग्रजी साहित्याचा निवृत्त शिक्षक, राहणार ड्रमाकर, काउंटी फर्मना, उत्तर आयर्लंड. माझी बुद्धी शाबूत आहे. तिच्याविषयी मंडळाचे मत वेगळे असल्यास ते त्यांच्या इतिवृत्तात पाहावे. मला कोणी भरीस घातलेले नाही. याआधी जे काही लिहून ठेवले असेल ते रद्द समजावे. हे मराठीत आहे, कारण ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांनी ते चहा पिता पिता वाचू नये. माझी मुलगी फ्लोरा हिने लंडनमध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर करवून घ्यावे. मंडळाच्या प्राध्यापकांकडून करवू नये. त्यांना यात सोळाव्या शतकातली कविता सापडेल.

१. घर फ्लोराला. ती लंडनच्या एजवेअरला असते आणि इथे राहायला येणार नाही. तिने खुशाल विकावे. स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटा मात्र आधी हलवावा. तो मंडळाच्या हाती लागला तर काचेच्या पेटीत जाईल आणि खाली 'अश्मयुग' अशी चिठ्ठी लागेल.

२. माझी पत्नी शर्ली या भागाची डिस्ट्रिक्ट नर्स होती. सत्त्याऐंशी साली वारली. तिची बॅग आणि सायकल हल्लीच्या नर्सबाईंना द्यावी. सायकलची घंटा वाजत नाही. शर्लीला तिची गरज पडली नाही, ती गात जायची. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, दोन्ही चर्चच्या पायांना तिने एकाच गुंडाळीतली पट्टी बांधली. इथे असे दुसरे कोणी केल्याचे मला आठवत नाही.

३. 'ड्रमाकरची घराणी' या मंडळाच्या ग्रंथाची माझी प्रत मि. मॅककस्कर यांना परत द्यावी. त्या ग्रंथाची मुद्रिते मीच तपासली होती. यामागे थोडा इतिहास आहे. आम्ही सहासष्ट साली इथे आलो. बसथांब्यावर 'ड्रमाकर' वाचले आणि मला वाटले, चला, आपल्याकडचेच कोणी असावे. आमच्यात गावाला कर लावला की आडनाव होते. अलिबागजवळच्या पेझारीचे म्हणून आम्ही पेझारकर. मग हे गृहस्थ भेटले, मॅककस्कर. मी अगत्याने विचारले, "कस हे गाव कुठे आलं?" त्यांनी मला दवाखान्याचा रस्ता दाखवला.

ग्रंथात गावातली सर्व घराणी आहेत. दुष्काळात अमेरिकेला गेलेली आहेत. शर्यतीची एक घोडीही आहे, मातापित्यांसह. आम्ही नाही. मी विचारले तेव्हा मॅककस्कर म्हणाले, "हिलेल, मनाला लावून घेऊ नकोस. मूळ इथलं लागतं." त्यांचे स्वतःचे मूळ सोळाव्या शतकात स्पॅनिश आरमाराच्या फुटलेल्या जहाजातला एक सरदार आहे. तो किनाऱ्यावरून ओल्या कपड्यांनी चालत फर्मनापर्यंत आला. आम्ही बेने इस्राएल ज्यूही फुटक्या जहाजातूनच कोकणाला लागलो, असे आम्ही सांगतो. पण त्यानंतर आम्ही तेलाचे घाणे चालवले. त्या जहाजावर तिकिटे लावली नाहीत.

४. आता दगड. ब्रायडी मॅकगर्क ही मंडळाच्या मते गावातली गेलिक, म्हणजे इथली जुनी भाषा, बोलणारी शेवटची बाई. तिच्या पायाला न भरणारी जखम होती. शर्ली पट्टी बांधायला जाई आणि बांधताना गाई. गाणे तिचे स्वतःचे, फ्लोराच्या फुटलेल्या गुडघ्यांसाठी केलेले:

गुंडाळ बाई पट्टी,
दुखण्याशी कट्टी,
पायाशी बट्टी.

ब्रायडीकडे प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन येत. एके दिवशी तिच्याकडची गाणी संपली होती आणि प्राध्यापकांची कॅसेट संपली नव्हती. तिने हे म्हटले.

दोघी वारल्यावर मंडळाने ब्रायडीच्या स्मरणार्थ दगड उभारायला माझ्या फाटकाशी जागा मागितली. मी वापरायला दिली. पडदा सरकला. गेलिकमध्ये निम्मी अक्षरे न उच्चारण्यासाठी लिहितात, त्यामुळे पहिल्या वाचनात मला काही कळले नाही. दुसऱ्या वाचनात शर्लीचा आवाज ऐकू आला.

प्राध्यापकांनी अर्थ सांगितला. 'गुंडाळ' म्हणजे आंधळा नसलेला. 'बाई' म्हणजे बुडालेला. 'कट्टी' म्हणजे युद्धाचे घर, 'बट्टी' म्हणजे काठ्या. बुडालेल्या सरदारासाठी केलेला विलाप. 'दुखणे' या शब्दाचा अर्थ त्यांनी 'वारसा' असा लावला. एवढा एक त्यांना बरोबर लागला.

मी उभा राहून म्हणालो, "हे मराठी आहे. माझ्या बायकोचं आहे." इतिवृत्तात नोंद झाली: श्री. पेझारकर यांनी प्राचीन भारताशी दुवा सुचवला. टाळ्या. प्राध्यापकांनी त्या दुव्यावर निबंध लिहिला आणि शेवटी माझे आभार मानले.

मला भाषेचे भांडण नको. ओळींच्या खाली 'अनामिक, सोळावे शतक' असे कोरले आहे. बेलफास्टला शर्लीच्या थडग्यावर हिब्रू आहे, इंग्रजी आहे. या देशात तिची मराठी फक्त माझ्या फाटकाशी आहे, आणि तिथे ती कोणाचीच नाही. मला तिचे नाव हवे आहे.

म्हणून: दगडाखालची जागा मंडळाला कायमची द्यावी, पण 'अनामिक' काढून तिथे 'शर्ली पेझारकर' कोरले तरच. माझ्या मरणापर्यंत कोरले नाही, तर जागा फ्लोराची आणि तिने दगड उचलून न्यावा. हे तिला फोनवर सांगितले.

"पप्पा, एजवेअरमध्ये? कौन्सिलची permission लागेल."

"मग गॅरेजमध्ये ठेव."

"गॅरेजमध्ये राजीवचा गाडी आहे." राजीव माझा जावई. मग ती म्हणाली, "पण मम्मीचा गाणं त्यांनी असा कसा घेतला? मी आणीन. गाडी बाहेर राहील."

तिच्या मराठीत लिंगे चुकतात. मुद्दा चुकत नाही.

५. माझा मराठी शब्दकोश प्राध्यापकांना द्यावा. त्यांनी 'क'पासून सुरुवात करावी.

६. उरलेले सर्व फ्लोराला. माझ्यामागे मंडळाने शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर इतिवृत्त लिहू नये.

खालील दोघांच्या डोळ्यांदेखत मी सही केली आहे. ओवेन टीग, पोस्टमन, यांनी विचारले, "यात माझं काय आहे?" साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असे मी सांगितले. "मग बिस्किट तरी दे," ते म्हणाले. मिसेस हेझल नोबल, शेजारीण, यांनी अक्षर पाहून ते सुंदर गेलिक असल्याचे सांगितले. मी वाद घातला नाही.

सही: हिलेल एफ्राईम पेझारकर
साक्षीदार: ओवेन टीग, हेझल नोबल
ड्रमाकर, गुरुवार, १४ ऑक्टोबर १९९३

सह्यांखालचा मजकूर मृत्युपत्रात धरत नाहीत, म्हणून हे इथे लिहितो. शुक्रवारी सकाळी, फ्लोराचा फोन गेल्यावर, मि. मॅककस्कर गवंड्याला घेऊन आले. गवंड्याने 'अनामिक' घासून काढले आणि तिथे 'शर्ली पेझारकर' कोरले. 'सोळावे शतक' तसेच ठेवले. पत्रके छापून झाली आहेत.