माझी हनुवटी आणि तुझा चाळिसावा

अलेक्झांड्रिया, रविवार

आदरणीय इन्शिराह मावशीस शाहिराचा आदरपूर्वक सलाम.

अल्लाह तुला उदंड आयुष्य देवो. (ही नेहमीची ओळ आहे, पण या खेपेस मी ती थांबून, विचार करून लिहिली आहे.) तुझा गुडघा कसा आहे? रक्तदाब मोजतेस का? दमनहूरला थंडी कमी झाली का? आम्ही दोघंही ठीक आहोत. बाबांचा उजवा कान पूर्ण गेला आहे आणि डावा त्यांच्या मर्जीवर चालतो. माझी नोकरी चालू आहे. विजेचे मीटर तपासते, खरा असेल तो पुढे पाठवते, खोटा असेल तो परत. तुझ्यात आणि बाबांत सहा वर्षं अबोला आहे हे मी विसरलेले नाही, त्यामुळे त्यांचा सलाम या पत्रात नाही.

मी एका साध्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते आणि त्यातून जे झालं ते सगळं तुला सांगणं भाग आहे, कारण त्यात तुझाही संबंध आला आहे. प्रश्न असा: हनुवटीवरचे केस विजेच्या सुईने कायमचे घालवायला किती बैठका लागतात? माझ्या हनुवटीवर एकेचाळीस आहेत. (होते. या क्रियापदाकडे मी पुढे येते.) गुरुवारच्या गुरुवार दोऱ्याने काढायचे आणि पुढच्या गुरुवारी ते पुन्हा हजर, असं अकरा वर्षं चाललं. मीटरच्या बाबतीत असा बिघाड अकरा आठवडेसुद्धा चालू दिला नसता. म्हणून मी ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ मादाम अराक्सी नावाची आर्मेनियन बाई आहे तिच्याकडे गेले. ती केसाच्या मुळाशी बारीक सुई घालते आणि वीज सोडते. किती वीज, किती सेकंद, हे मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "पोरी, तू केस काढायला आलीस की तपासणीला?" तिच्या यंत्राच्या चकतीवरचे आकडे पुसून गेले आहेत. ती माझ्या डोळ्यातून पाणी येईपर्यंत चकती फिरवते आणि मग किंचित मागे घेते. पद्धत ओबडधोबड आहे, पण चुकीची म्हणता येणार नाही.

पहिल्या दिवशी बैठका किती, असं विचारलं तर आठ-दहा म्हणाली. दुसऱ्या मंगळवारी पंधरा-वीस. तिसऱ्या मंगळवारी मी वही पुढे ठेवली, तर वर्ष-दीड वर्ष धरून चाल म्हणाली, आणि वर, ज्या केसाशी अजून भेट झाली नाही त्याचा वायदा मी कशी देऊ, असं मलाच विचारलं. बाहेरच्या बाकावर बसणाऱ्या बायकांना विचारलं. एकीच्या नुसत्या वरच्या ओठाला अकरा झाल्या होत्या. दुसरीच्या हनुवटीला सोळा, आणि ती खूश होती. एक ग्रीक म्हातारी सतरा वर्षं येते आहे असं कळल्यावर मी वही मिटली. नंतर समजलं की तिचे केस पहिल्या दोन वर्षांतच गेले, आता ती कॉफीसाठी येते. मावशी, अशा माहितीवरून सरासरी कशी काढायची? माझी स्वतःची वही तर आणखी बुचकळ्यात टाकणारी. आठ बैठकांत मादामने एकशे तीन केस काढले. एकेचाळिसातून एकशे तीन वजा केले आणि उरले चौतीस. मी ही वजाबाकी चार वेळा तपासली आहे.

चौथ्या बैठकीला उलगडा झाला. मादामने भिंग लावून पाहिलं आणि एकदम सुई खाली ठेवली. "दोरा फिरवतेस?" मी म्हटलं, गुरुवारी सगळ्याच फिरवतात. मग तिने जे ऐकवलं त्याचा गाळीव अर्थ असा: दोऱ्याने उपटलेला केस मरत नाही, तो झोपतो. कातडीखाली झोपलेल्याला सुई सापडत नाही. तो पुढे सवडीने वर येतो आणि आपल्याला वाटतं नवा आला. ज्याला मारायचा त्याला आधी जागा ठेवावा लागतो, वर दिसू द्यावा लागतो. तेव्हा आजपासून दोरा बंद, साखरेचा चिकट पाक लावून ओढणं बंद, चिमटा बंद. कात्रीला तिची परवानगी होती, पण कापलेला केस लपत नाही, उलट जास्त ठसठशीत दिसतो. म्हणून मी हनुवटी आहे तशी सोडली.

इथे माझी चूक झाली. माझं सगळं लक्ष वहीत होतं, जिन्याकडे नव्हतं. गुरुवारचा दोरा आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर उम्म लबीबच्या दारात चालतो. दोऱ्याचं एक टोक तिच्या दातात, तोंड बंद, तरी सगळ्या इमारतीची माहिती तिथूनच निघते. तिचा हात हनुवटी सोडून पुढे जाणारा नाही, म्हणून मी गुरुवारी खाली जाणंच थांबवलं. एक गुरुवार गेला, दोन गेले, चार गेले. दर मंगळवारी मी डोळे लाल करून, हनुवटीला रुमाल लावून घरी येत होते. मधे उम्म लबीबच्या मुलीच्या, बुसैनाच्या, लग्नाची मिठाई घरोघर वाटली, तीही मी परत पाठवली. (माझी दाढ किडली आहे. एवढंच कारण होतं.) आता तूच सांग, चार आठवडे चेहऱ्याला दोरा न लावलेली, गोड न खाणारी, रडून घरी येणारी बाई पाहिली तर तू काय समजशील? तुला हे तेव्हाच समजलं असतं. मला समजलं नाही. आई गेली तेव्हा सुतकाचे चाळीस दिवस तूच मला दोऱ्यापासून लांब ठेवलं होतंस, तरीही समजलं नाही.

मागच्या सोमवारी उम्म लबीब आणि आणखी दोघी वर आल्या. हातात बिनसाखरेच्या कॉफीची किटली (मयताच्या घरी नेतात तीच). येऊन बसल्या आणि माझ्याकडे पाहून मान हलवू लागल्या. उम्म लबीब म्हणाली, "बाळ, मनात कोंडून ठेवू नकोस. गेलं ते गेलं." त्याच सकाळी कचेरीत मुख्य तपासनिसाची जागा माझ्याऐवजी साहेबांच्या भाच्याला मिळाली होती. मला आश्चर्य वाटलं की बातमी इतक्या लवकर इमारतीत पोचली, पण आभारही वाटले. मी म्हटलं की मला याची कल्पना होतीच, माझा अर्ज उशिरा गेला. तिघी एकमेकींकडे पाहू लागल्या. एक पुटपुटली, "बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही." मग उम्म लबीबने मला जवळ घेऊन विचारलं की आईच्या मागे तुला मायेचं कोण होतं, मावशीच ना? हे वस्तुस्थितीला धरून असल्यामुळे मी हो म्हटलं. तिघींनी एकदम सुस्कारा सोडला. अशा रीतीने, मावशी, माझ्या एका अचूक उत्तराने तू गेलीस.

हे मला बुधवारी कळलं. उम्म लबीबने जिन्यात कुराणपठणाची कॅसेट लावली होती आणि बुसैनाचं येत्या गुरुवारचं लग्न तुझा चाळिसावा होईपर्यंत पुढे ढकलायचं ठरवलं होतं. कुणीतरी म्हणालं की मावशी दुसऱ्या गावची, इथे ढोल वाजला तर चालेल. त्यावर ती कडाडली, "माझ्या दारात ढोल वाजणार आणि वर पोरगी दाढीनिशी रडत बसणार? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!" बाबांना तळमजल्यावर इस्त्रीवाल्याने समाचाराचे दोन शब्द ऐकवले आणि नेमका तेव्हा त्यांचा डावा कान चालू होता. ते घरी येऊन खुर्चीत बसले. म्हणाले, "जिभेची तिखट होती, पण तिच्यासारखी मुलूखियाची पालेभाजी अख्ख्या डेल्ट्यात कुणी करत नव्हतं." आणि मावशी, त्यांनी डोळे पुसले. मी सांगितलं की तू जिवंत आहेस. त्यांनी लगेच मुलूखियाबद्दलचं विधान मागे घेतलं. मात्र इस्त्रीवाल्यासमोर ते तुझ्याबद्दल चांगलं बोलून बसले आहेत, त्यामुळे आता खाली जाऊन खुलासा करायला तयार नाहीत.

मग मीच गेले. उम्म लबीबला स्पष्ट शब्दांत म्हटलं, माझी मावशी जिवंत आहे. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हो ग माझे बाई. आपल्या मनात ती जिवंतच असते." पुढे बोलायचं तर हनुवटीबद्दल बोलावं लागलं असतं. माझ्या हनुवटीत वीज सोडतात ही गोष्ट दोऱ्याच्या टोकावर बसलेल्या बाईला सांगायची म्हणजे मीटर तपासणाऱ्या कचेरीपर्यंत ती दुपारच्या आत पोचणार. दुसरा मार्ग म्हणजे तिच्यापुढे बसून दोरा फिरवून घ्यायचा. सुतक संपलं, लग्न गुरुवारी, सगळे मोकळे. पण मग चौतीस केस झोपी जाणार, आणि माझी मोजणी पुन्हा एकपासून. तीन दिवस मी हाच विचार करते आहे आणि कोणत्याही बाजूने उत्तर जुळत नाही. एका मुलीचं लग्न माझ्या हनुवटीमुळे अडलं आहे, हे वाक्य मी वहीत लिहून पाहिलं. तरी पटलं नाही.

बाकी क्षेम. शेजाऱ्यांना सलाम सांग. गुडघ्याला तेल लाव.

तुझी भाची,
शाहिरा

ता. क. मुख्य मुद्दा लिहायचा राहिला. बुधवारी सकाळच्या पहिल्या गाडीने इकडे ये. फोन करू नकोस. फोन उम्म लबीबच्याच घरी आहे, आणि तुझा आवाज ऐकून तिने किटली टाकली तर पाय भाजेल. रंगीत झगा घाल, तो पोपटी चालेल. जिना हळू चढ, प्रत्येक मजल्यावर थांब, चहा घे आणि साखर मागून घे. शक्य झालं तर कुणाशी तरी भांड. त्याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

दुसरा ता. क. आल्यावर माझ्या हनुवटीला हात लावायचा नाही. मी झोपले असले तरी नाही. तुझ्या पिशवीत नेहमी दोऱ्याचं रीळ असतं हे मला माहीत आहे.

तिसरा ता. क. पाकीट बंद केलं होतं, ते फोडून लिहिते आहे. आत्ता बुसैना वर आली होती. दार लावून घेतलं आणि मला म्हणाली, "ताई, तुझ्या पाया पडते, तेवढी दाढी काढू नकोस!" तिला सगळं माहीत आहे. तिने मला मादामच्या जिन्यावर पाहिलं होतं, आणि आईला एक अक्षर सांगितलं नाही. तिची परिचारिकेची शेवटची परीक्षा पाच आठवड्यांवर आली आहे. नवरा मुलगा कुवेतहून सुट्टीवर आला आहे. लग्न गुरुवारी झालं तर ती शनिवारी त्याच्याबरोबर विमानात, आणि तीन वर्षांचा अभ्यास पाण्यात. तसा तो तिला आवडतो. पण परीक्षा होऊ द्या म्हटलं तर त्याची आई म्हणते, घरात बसून कुणाला सुया टोचणार आहेस? मयत झालं तर मात्र तीही बोलू शकत नाही. तो आता परत जाईल आणि मोठ्या ईदला येईल. तोवर हिच्या हातात कागद असेल.

उद्या ती सासू समाचाराला येणार आहे आणि माझा चेहरा नीट पाहणार आहे. मी बुसैनाला सांगितलं की मी खोटं बोलत नाही, कुणी विचारलं तर माझी मावशी जिवंत आहे असंच सांगेन. ती म्हणाली, "तेच सांग ताई. कुणाला पटत नाहीये ना!" मग उंबऱ्यात थांबून तिने विचारलं की मादामकडे अजून किती बैठका आहेत, चाळीस दिवस निघतील ना. वहीत त्याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, बारा. आधार नसलेला आकडा मी आयुष्यात पहिल्यांदा दिला.

तेव्हा मावशी, बुधवारी येऊ नकोस. उत्तरही पाठवू नकोस, तुझं अक्षर इथला पोस्टमन ओळखतो. औषधं वेळेवर घे, तब्येतीला जप, आणि निदान परीक्षा होईपर्यंत मेलेलीच राहा.