मोरी-सानांचा पांढरा हातमोजा

मंगळवार, १२ नोव्हेंबर. हिगाशी-कसाई.

आज मंत्रालयाचे तपासनीस रेल्वे कंपनीत आले. इथे ड्रायव्हरने प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून तो कोणता आहे ते मोठ्याने म्हणायचं असतं. कोण चुकतं ते माझं सॉफ्टवेअर कॅमेऱ्यातून पकडतं. ड्रायव्हर मोरी-सान खणखणीत ओरडले, पण पांढरा हातमोजा खांद्याखालीच राहिला. स्क्रीनवर लाल खूण. त्यांचा खांदा आखडलाय, हे मला महिनाभर माहीत होतं. मग बोललो का नाही? एकही चूक सापडली नसती, तर आमचं सॉफ्टवेअर कोणी घेतलं असतं? त्यांना गाडीवरून उतरवलं. आता शिक्षा म्हणून त्याच हाताने नियमावली लिहून काढायची. हातमोजा काढून, नीट घडी घालून ते माझ्यापुढे वाकले. "माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

आणि मी केलं माफ.