सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीची छाती

माय, आज दवाखान्यात एक बाई आली होती. तू गेलीस तेव्हा जेवढ्या वयाची होतीस तेवढीच असेल. डॉक्टरांनी विचारायच्या आधीच म्हणाली, "जिनिंगवर हाय मी. सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी छाती लई आवळती." डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत जाते, एखाद्या दिवसाचा खंड पडून पुन्हा कामाला लागलं की छाती आवळते, ही त्या आजाराची खूणच आहे, वेळेत काम सुटलं तर फुप्फुसं वाचतात, असं त्यांनी तिला नीट समजावलं. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. नर्सिंग शिकले तेव्हापासून मला हे ठाऊक आहे. ठाऊक असण्याचाही शीण येतो, माय. घरी आले आणि भाकरी न टाकता तशीच बसून राहिले.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि दिवाळीलाच आपल्या विहिरीचा तळ दिसला. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. कॅनॉलखालच्या गावांचा कापूस मात्र तासाभराच्या वाटेवरच्या सहकारी जिनिंगवर सरकी काढायला येत होता आणि तिथे बायका लागत होत्या. पण काका गावच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांच्या घरची बाई रोजाने जाते म्हटल्यावर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. म्हणून तू विळा आणि रिकामं पोतं घेऊन निघायचीस, जनावरांना पाला आणते असं सांगून, आणि संध्याकाळी चाऱ्याला उसाची वाढं विकत घेऊन पोतं भरून यायचीस. आपल्या म्हशीने त्या दुष्काळात जेवढी विकतची वाढं खाल्ली तेवढी काकांच्या बैलांनाही मिळाली नसतील.

तू भाकरी विसरलीस म्हणून एकदा मी तिथे आले होते. रस्त्याने तू डोळ्यांपर्यंत पदर ओढून चालायचीस, कुणी ओळखू नये म्हणून. यंत्रापुढे तोच पदर कमरेला खोचलेला आणि तोंड उघडं. "पदर खोचा बाई, यंत्रात जाईल," मुकादम ओरडत होता. आत कापसाचा तूस इतका उडत होता की पलीकडची बाई दिसत नव्हती, तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मी म्हणाले, "तोंडाला फडकं कावून बांधत न्हाईस?" तर म्हणालीस, "बांधलं की जीव घाबरतोय गं. गुळाचा खडा खाल्ला की समदं खाली जातंय." बाजारच्या दिवशी जिनिंग बंद असायचं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तुला ओट्याची पायरी चढवायची नाही. तिसऱ्या दिवशी जरा बरं, चौथ्या दिवशी आणखी बरं. त्यावरून तू ठरवून टाकलंस, "सुट्टी मानवत न्हाई मला. बसलं की छाती धरती." मग मुकादमाला गळ घालून बाजारच्या दिवशीही पटांगणातला कापूस निवडायला जायला लागलीस. मलाही ते इतकं पटलं होतं की तू पडून राहिलीस तर मीच तुला उठवायचे.

शेवटी काकाच तुला तालुक्याला दाखवायला घेऊन गेले. मी तिथल्याच शाळेत नववीत, म्हणून सोबत आले. डॉक्टर परगावाहून येऊन तालुक्यात राहिलेले, भला माणूस. त्यांनी विचारलं, "काम काय करता, बाई?" तू म्हणालीस, "मी ते..." आणि मी मधेच बोलले, "घरीच असते. चूल आणि जनावरं." तू माझ्याकडे एकदा बघितलंस. त्यांनी दमा लिहिला आणि चुलीच्या धुरापासून लांब राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी चूल अंगणात मांडली, तुला धुराजवळ फिरकू दिलं नाही, आणि सकाळी विळा-पोतं हातात देऊन जिनिंगला पाठवलं. पुढचे चार हंगाम पाठवलं. मग पाच पावलं चाललीस तरी भिंत धरायला लागलीस. आडवं होता येईना म्हणून बसूनच झोपायचीस. "वारं हाय गं, पण आत येत न्हाई," म्हणायचीस. मला त्या दिवसांची लाज वाटते, आणि राग येतो तो माझाच येतो.

नर्स झाल्यावर तुझा खरा आजार मी धाकट्या भावाला सांगितला. त्याने विचारलं, "मग तवा डॉक्टरला कावून सांगितलं न्हाईस?" मी म्हणाले, काका शेजारी बसले होते. त्याला ते पटलं. काका असेपर्यंत तो त्यांच्या घरचं पाणी प्यायला नाही, त्यांच्या मातीलाही गेला नाही. मी गेले होते.

पण तुला तर माहीत आहे, माय. काका तेव्हा बाहेर चहाला गेले होते. आत तू, मी आणि डॉक्टर, एवढेच होतो. डॉक्टरांची मुलगी माझ्या वर्गात होती, माझ्याच बाकावर बसायची, आणि माझी आई रोजाने जाते हे तिला कळू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

धाकटा रविवारी जेवायला येतोय. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही, त्याच्या हातात देता येईल. मी देणार नाही.