तंबाखू मळलेला हात

आबा, आज प्रयोगशाळेतून घरी आले आणि थेट कागद-पेन घेऊन तुमच्याशी भांडायला बसले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, आता उलट बोलायची सोय नाही. ते बरंच आहे.

फलटणच्या रानातला टोमॅटोचा तो प्लॉट आठवतोय? तारेवर चढवलेला, माझ्या खांद्याला लागणारा. तुम्ही बांधावर उभे, डाव्या तळहातावर तंबाखू, अंगठ्यानं चुना मळताय, चिमूट दाढेला लावताय आणि तोच हात न धुता ओळीत शिरून बगलफूट, पानांच्या बेचक्यातले कोवळे फुटवे, खुडताय. एक झाड, दुसरं झाड, अख्खी ओळ. काही दिवसांत पानं हिरवी-पिवळी चट्ट्यांची झाली, आखडली. तुम्ही मजुरांदेखत आईवर ओरडलात, "अडचन असून पलाटात शिरलीस? तुज्या विटाळानं समदा पलाट गेला!" ती म्हणाली, "आवं, मानसं कमी हुती म्हनून नुसती सुतळी बांधली. माजा काय गुना?" "परत रानात पाय टाकू नगंस." तिने खरंच टाकला नाही. जिचा जीव रानात रमायचा, त्या बाईने पुढची सगळी वर्षं चुलीपुढे काढली. मला याचा राग येतो आबा, लय राग येतो.

आता ऐका. तंबाखूच्या झाडाला जो विषाणू धरतो, तोच टोमॅटोलाही धरतो. वाळवून पुडीत भरलेल्या तंबाखूतही तो टिकून राहतो, हाताला लागून येतो आणि खुडलेल्या जागेतून आत शिरतो. पण एका पेशीतून दुसरीत जाणं त्याच्या एकट्याच्या बळावर होत नाही. पेशींच्या मधल्या वाटा त्याच्या मानाने फार अरुंद असतात. त्या रुंद करायला तो झाडाचीच प्रथिनं कामाला लावतो, झाडाच्याच जनुकांनी घडवलेली. आम्ही अशी जनुकं शोधतो. त्यातलं एखादं बंद केलं की विषाणू वाटेत अडखळतो. मी निम्मं आयुष्य या कामात घातलं, आणि तुम्हाला नुसते साबणाने हात धुवायचे होते!

मागच्या रविवारी हे सगळं आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, ती थापायची थांबली. "म्हंजी माज्यामुळं न्हवतं व्हय?" तिने दोनदा विचारलं. मग पिठाचे हात तसेच धरून म्हणाली, "पर माजी अडचन हाय ह्ये त्यास्नी सांगितलं कुनी गं?"

मी म्हटलं, "असेल कुणीतरी मजुरांतलं."

कुणी सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे. पाणी जास्त सोडून मीच झाडं नासवली असं म्हणत तुम्ही माझ्यावर हात उगारलात, आणि मार चुकवायला मी आईच्या अडचणीचं सांगून टाकलं. तुमच्या हाताचं मी तिला सांगितलं, माझ्या तोंडाचं नाही सांगितलं. हा कागद मी आता फाडणार आहे. आईला वाचता येतं.