मधल्या तुळईचं झुंबर

चुडावा
दि. १२ मार्च २०२४

ती. सुकेशनीताईस,
धम्मपालचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर माप हवेत विरतं, म्हणून लिहितो. आईला जाऊन वर्ष होतंय, त्या पुण्यानुमोदनासाठी तू परभणीहून पाठवलेलं पितळी झुंबर मिळालं. आबासाहेबांच्या दुकानातल्या काट्यावर तोललं. साखळीसकट एकोणीस किलो चारशे ग्रॅम. आपलं माळवद जुनं, तुळयांवर फळ्या आणि वर वीतभर माती. म्हणून फळीला हात न लावता बाबांनी मधल्या तुळईत ठोकलेल्या आकड्यालाच टांगणार. तुझा पाळणा होता तोच आकडा. नियम असा की आधी चौपट भार लावून बघायचा. ऐंशी किलो वाळूचं पोतं तीन दिवस लटकवलं. तुळई सूतभर लवली नाही. भागवत मिस्त्री म्हणाला, वरची माती काढून लाकूड बघू. मी म्हणलं, दरसाल जयंतीआधी तुळयांना ऑइलपेंट मीच देतो, तू मला लाकूड शिकवायलास का. कुणाच्या हाताखाली न शिकता तीस वर्षं घरोघर वायरिंग केली, एक पंखा पडला नाही.

तुझी भावजय मनिषा तुझी लय आठवण काढायलीय. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा,
धम्मपाल


परभणी
दि. १६ मार्च २०२४

चि. धम्मपालास अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र पोचलं. एवढी मापं लग्नात घेतली असतीस तर कोटाच्या बाह्या बोटांवर आल्या नसत्या. पण भागवतचं ऐक. तुला दिसतो तो रंग, लाकूड नव्हे. दाभण घे, आकड्याजवळ आणि भिंतीजवळ टोचून बघ. अडलं तरच टांग. नाहीतर झुंबर कोपऱ्यात राहू दे. आईनं सारी उमर चिमणीच्या उजेडात काढली, तिला चालेल. आणि मनिषाला त्याखाली शिलाईमशीन मांडू देऊ नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


चुडावा
दि. २४ मार्च २०२४

ती. ताईस जय भीम.

तुझं पत्र काल हाती आलं. झुंबर मंगळवारी टांगलं, गुरुवारी दुपारी पडलं. उजेड चांगला म्हणून मनिषा मशीन घेऊन खालीच बसली होती. उजवं मनगट चेचलं. बोटं पहिल्यासारखी वळतील असं डॉक्टर सांगत नाहीत. तिची शिलाई गेली.

आकडा सुटला नाही, भुसा घेऊनच खाली आला. आत नुसती वाळवी. माझ्या रंगाचे थर तेवढे शाबूत, अंड्याच्या टरफलासारखे. भागवत म्हणाला, उरलंसुरलं लाकूड तुमच्या पोत्यानंच आतून फाडलं. तू सांगितलंस तसं दाभण टोचलं, आता. मुठीपर्यंत गेलं. बाकीच्या तुळयांतही गेलं. माळवद उतरवावं लागणार. बाबांच्या हातचं काही राहत नाही. आम्ही अंगणात पत्र्याखाली आहोत.

मनिषा काल म्हणाली, झाडणीचा दांडा लागला की ती तुळई दोन वर्षांपासून पोकळ वाजायची. मग सांगितलं का नाही, म्हणलं. तर म्हणाली, सांगितलं होतं की. तुमी शिडीवर होता, रंग द्यायला लागला होता.

लोभ ठेव, हे आता कोणत्या तोंडानं लिहू.

धम्मपाल