आधाराचा दांडा

तीर्थरूप ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन टेबलाच्या खणात आहेत.

बाबांनी आपल्या दोघांच्या नावे ठेवलेला फ्लॅट काल भाडेकरूबाईंनी रिकामा केला. लेखी परवानगीशिवाय भिंतीला भोक पाडू नये, हे करारातले कलम माझेच. तरी त्यांनी स्वतःच्या म्हाताऱ्या आईसाठी न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवलेला दिसला. दांडा काढून भोके बुजवण्याचा खर्च अनामत रकमेतून कापीन, असे मी बजावले.

"कापा की, काका! गवंडी खालीच उभा आहे. पण आधी तुम्ही उठा तर!"

स्क्रू मोजण्यासाठी मी स्टुलावर बसलो होतो. उठलो, तेव्हा माझी मूठ त्याच दांड्यावर होती.

तेव्हापासून माझा युक्तिवाद जुळत नाही. गेल्या वर्षी तू तिथे राहण्याची परवानगी मागितलीस. तुझे गुडघे आणि ते निसरडे न्हाणीघर पाहता एकटीने राहणे अशक्य, असे मी कळवले. भाडे बुडेल, हे कारण मनातच ठेवले. तू लेकाच्या दिवाणखान्यातल्या कॉटवरच राहिलीस.

गवंड्याला परत पाठवले, अनामत पूर्ण दिली. का, ते सांगता येत नाही. करारनामा पुन्हापुन्हा वाचतो. परवानगी भाडेकरूने मागायची असते. निम्मे घर तुझे असताना तू ती का मागितलीस, आणि मी ती कोणत्या अधिकाराने नाकारली?

किल्ली पाकिटात घातली आहे. पत्ता तेवढा लिहायचा राहिला आहे.

तुझा,
धाकटा